ताड : पुढल्या पिढीसाठी लावायचे झाड

एखादा मुलगा भराभर उंच झाला की आपण म्हणतो, "ताडमाड वाढला!" परंतु खरा ताड भराभर वाढत नाही. हैदराबादच्या आसपासच्या आपल्या मंडळ्यांना हे झाड शेतांच्या बांधांवर व तळ्यांच्या काठी नेहमी दिसते. या महिन्यात त्याचाच पाठ घेऊ या.

१. ओळख : प्रथम एक गैरसमज दूर करू. झावळ्यांच्या रविवारी आपण ज्या झाडाची आठवण करतो ते खजुरीचे. त्याचे पान पिसासारखे असते. ताडाचे पान पंख्यासारखे पसरते व देठाच्या कडांना करवतीसारखे दाते असतात. झाड ३० मीटरपर्यंत उंच जाते व शंभर वर्षांहून अधिक जगू शकते. नर व मादी झाडे वेगळी असून फळ फक्त मादीला धरते. पण फुलोरा येण्यास बहुधा १२ ते २० वर्षे लागतात, आणि तोवर झाड नर की मादी हे कळत नाही.

२. उपयोग : पानांचे पंखे व छपरे होतात. पूर्वी त्यांवर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरून काजळी चोळीत व ग्रंथ तयार करीत. 'ताडपत्री' हा शब्द आज आपण प्लॅस्टिकच्या आच्छादनालाही वापरतो! नर व मादी दोन्ही झाडांच्या फुलोऱ्यांतून गोड रस मिळतो. मडक्याला आतून चुना लावला तर त्याची नीरा राहते व तिचा गूळ करता येतो. चुना नसला तर खमिराने काही तासांतच त्याची ताडी होते. रस एकच, फरक मडक्याच्या तयारीचा.

३. आश्रय : सुगरण पक्षी ताडाच्या पानांना घरटी टांगतात. ताडपाकोळी आपल्या लाळेने पिसे पानाच्या खालच्या बाजूस चिकटवून घरटे करते व अंडीही तशीच चिकटवते. वाऱ्याने पान हेलकावले तरी अंडी पडत नाहीत.

४. विचार करण्याजोगे : उन्हाळ्यात आपण आवडीने खातो ते ताडगोळे, म्हणजे तेलुगू शेजाऱ्यांचे 'ताटि मुंजलु', हे ताडाचे कोवळे बी होय. एका फळात ते बहुधा तीन असतात. सारी फळे कोवळीच उतरवली तर रुजायला काय उरेल? शिवाय वीटभट्टीच्या सरपणासाठीही ताड तोडले जातात. १२ ते २० वर्षांत घडलेले झाड एका दिवसात आडवे होते. ताड हा तमिळनाडूचा राज्यवृक्ष आहे. तेथे २०२१ च्या कृषी अंदाजपत्रकात ताड तोडण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल असे जाहीर झाले व बिया वाटण्याचीही योजना आली.

शिक्षकांसाठी : पावसाळ्यात पिकून पडलेले फळ मुलांकडून आणवा व त्यातील बिया मोकळ्या जागी थेट जमिनीत लावा. कुंडीत लावू नका. रुजताना कोंब आधी खोल खाली जातो, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावणे कठीण पडते. पहिली काही वर्षे जमिनीवर खोड दिसणार नाही, केवळ पाने दिसतील. मुले कंटाळून विचारतील, "फळ केव्हा येणार?" तेव्हा त्यांना खरे तेच सांगा : तुम्ही मोठे झाल्यावर, आणि कदाचित तुमच्या मुलांसाठी. आज आपण जे ताडगोळे खातो, त्यांची झाडेही आपण लावलेली नाहीत.