बदली होते, मत मागे राहतं

बदली झाली की आपण कार्यमुक्त होतो, अंतिम वेतन प्रमाणपत्र निघतं, सेवापुस्तक नव्या कार्यालयात पोचतं, मुलांचे शाळेचे दाखले काढले जातात. मतदार यादीतलं नाव मात्र कोणी हलवत नाही. ते आपणच अर्ज करून हलवायचं असतं. माझ्या बाबतीत जे घडलं त्यानंतर पुण्यात बदलून आलेल्या प्रत्येक सहकाऱ्याला मी हे सांगतो.

2023च्या उन्हाळी बदल्यांत मी सोलापूरहून पुण्याला आलो. तिकडच्या सरकारी क्वार्टरमध्ये दुसरं कुटुंब आलं आणि यादीच्या पडताळणीत माझ्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडला. नाव वगळण्याआधी नोटीस द्यावी लागते. ती त्या जुन्याच पत्त्यावर गेली. 13 मे 2024ला, पुणे लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी, मी कोथरूडच्या एका केंद्रावर मतदान अधिकारी होतो. सकाळी सातपासून लोकांच्या डाव्या तर्जनीला शाई लावत होतो, नोंदवहीत सह्या घेत होतो. माझं मत कुठेच नव्हतं. टपाली मतासाठी नमुना 12 भरायला यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो, तोच उरला नव्हता. मतदार ओळखपत्र खिशात होतं, पण यादीत नाव नसेल तर त्या कार्डावर मत देता येत नाही. ती खंत अजून जात नाही.

सरकारी नोकर म्हणजे ‘सेवा मतदार’, असा समज आपल्यात पक्का आहे. तो चुकीचा आहे. सेवा मतदार म्हणजे सैन्यदलांतले जवान, राज्याबाहेर तैनात असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस, परदेशात नेमलेले भारत सरकारचे कर्मचारी. त्यांना गावच्या यादीत राहता येतं; ‘पीस स्टेशन’वर, म्हणजे शांत भागातल्या ठाण्यावर, असलेल्या जवानांना नेमणुकीच्या गावी मतदार होण्याची वाटही 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मोकळी झाली. शिक्षक, लिपिक, अभियंता यांच्यासाठी 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं काही नाही. जिथे आपण सर्वसाधारणपणे राहतो, तिथलेच मतदार. गावचं घर नावावर आहे, एवढ्याने भागत नाही. दोन्हीकडे नाव ठेवणं तर बेकायदाच, आणि खोट्या माहितीला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून घर मिळालं की नमुना 8 भरा. जुन्या यादीत नाव असेपर्यंत तो चालतो आणि ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो. माझं नाव गेलेलंच होतं, मला नव्या नोंदणीचा नमुना 6 भरावा लागला. भाडेकरूची खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची: आधारवर गावचा पत्ता, वीजबिल घरमालकाचं. नोंदणीकृत भाडेकरारावर माझं काम झालं. अकरा महिन्यांच्या करारात नुसत्या नोटरीवर समाधान मानू नका.

पुण्यात आणखी एक गुंता आहे. धायरीत राहणारा पुणेकरच, पण खडकवासला विधानसभा मतदारसंघ बारामती लोकसभेत येतो, हडपसर शिरूरमध्ये. 2024ला बारामतीचं मतदान 7 मेला झालं, पुण्याचं 13ला. ड्युटी लागली की हा फरक महत्त्वाचा ठरतो: आपल्याच लोकसभा मतदारसंघात लागली तर नमुना 12-अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळतं आणि ड्युटीच्या केंद्रावरच मत देता येतं. बाहेर लागली तर टपाली मत; 2023च्या नियमबदलापासून तेही सुविधा केंद्रात जाऊनच द्यावं लागतं.

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव घेत नाहीत, आणि अर्जावर हरकती घेण्याचे दिवस त्याआधीच धरावे लागतात. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. अर्जानंतर 1950 या मतदार हेल्पलाइनच्या क्रमांकावर विचारून नाव खरंच चढलंय ना ते पाहा आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक ड्युटीच्या आदेशालाच टाचून ठेवा. प्रशिक्षणाच्या वेळी नमुना 12 भरताना तोच लागतो.