शिकविलेलें टिकलें काय?

गांवोगांवीं प्रौढांचे वर्ग चालविणाऱ्या बंधुभगिनींनीं ह्या आठवड्यांत एका प्रश्नाचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. वर्ग संपला, हजेरीपत्रक भरलें, दाखलेही वांटले. परंतु गांवाच्या पदरांत काय पडलें? शेतकरी आपलें पीक खळ्यांतील राशीवरून मोजितो. शिक्षणाचें मापही तसेंच असावें.

आपल्या प्रांतास हा विषय नवा नाहीं. शाहू छत्रपतींनीं सन १९१७ मध्यें कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. पुढें सन १९५९ मध्यें शेजारच्या सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व सन १९६१ पासून ती राज्यभर पसरली. १४ ते ५० वर्षें वयाच्या निरक्षरांस शिकवावें व सर्व गांव साक्षर झाला म्हणजे समारंभानें तसें जाहीर करावें, अशी तिची रीत होती. लक्षावधि लोक शिकले. तथापि समारंभानंतर वाचावयास पुस्तक नाहीं व लिहावयास निमित्त नाहीं, अशा स्थितींत पुष्कळांचीं अक्षरें पुन्हा पुसलीं गेलीं.

अलीकडे नवभारत साक्षरता कार्यक्रम सन २०२२ ते २०२७ ह्या मुदतीसाठीं आखिला गेला. महाराष्ट्रांत १७ मार्च २०२४ रोजीं त्याची परीक्षा झाली. वाचन, लेखन व संख्याज्ञान ह्यांस प्रत्येकी ५० गुण होते. अशी परीक्षा उपयोगी खरी. पण ती एका दिवसाची साक्ष देते.

आतां हातकणंगले तालुक्यांतील कबनूर घ्या. इचलकरंजीला लागून असलेला हा यंत्रमागांचा गांव. येथें कोणी वर्ग मांडिला आणि तीस नांवांपैकीं वीस उत्तीर्ण झालीं असें समजूं. त्यानें प्रथम गळालेल्या दहांचा शोध करावा. रात्रपाळीचा कामगार, पोटासाठीं परगांवाहून आलेलें कुटुंब, तान्हें मूल सांभाळणारी माउली, हींच जर गळालीं असतील, तर ज्यांस गरज अधिक त्यांच्यापर्यंत वर्ग पोहोंचलाच नाहीं. त्यांस आळशी म्हणण्यापूर्वीं मागाची पाळी पाहून वर्गाची वेळ बदलावी.

ह्यापुढें चार गोष्टी कराव्या :

१. आरंभींची नोंद. पहिल्या दिवशीं प्रत्येकास काय येत होतें तें लिहून ठेवावें. ज्यास आधींच वाचतां येत होतें, त्याचें श्रेय वर्गानें घेऊं नये.

२. अनोळखी मजकूर. सन २००५ मध्यें सुरू झालेल्या 'असर' पाहणींत मुलांस त्यांच्या घरीं जाऊन दुसऱ्या इयत्तेच्या तोडीचा उतारा वाचावयास देतात. आपणही वर्गांत पाठ झालेला धडा न देतां नवा कागद द्यावा.

३. नित्याचा उपयोग. मजुरीच्या चिठ्ठीवरील मीटर व रुपये ताडून पाहतां येतात काय? औषधाच्या बाटलीवरील तारीख, बसची पाटी, बचत गटाच्या वहींतील आपल्या नांवापुढचा आंकडा वाचतां येतो काय? सही गिरवितां येणें म्हणजे साक्षर होणें नव्हे. जनगणनेंतही सात वर्षें व त्यावरील वयाच्या ज्या मनुष्यास समजून वाचतां व लिहितां येतें, तोच साक्षर धरितात. कर्जाच्या कागदांतील अक्षर न कळतां त्यावर सही करणारी बहीण अंगठा उठविणारीइतकीच फसण्याच्या भयांत असते.

४. काळ व तुलना. सहा महिन्यांनीं आणि वर्षानें पुन्हा तीच परीक्षा घ्यावी. जेथें वर्ग झाला नाहीं अशा तसल्याच वस्तीकडेही पाहावें; कारण वाचन इतर कारणांनींही वाढतें.

आंकडा लहान निघाला तरी तो लपवूं नये. वीसांपैकीं आठ जण वर्षानंतरही वाचीत असतील, तर त्या आठांचा आनंद मानावा व उरलेल्या बारांच्या दारीं सोपें पुस्तक घेऊन पुन्हा जावें. मोजणीचें खरें काम तेंच होय.

विचारासाठीं प्रश्न : (१) आपल्या वर्गांतून कोण गळालें, व कां? (२) गतवर्षीं शिकलेल्यांपैकीं आज कोण वाचितो? (३) त्यांच्या घरीं वाचावयास काय आहे?