वळायचा लाडूसारखा, जपायचा दह्यासारखा

परदेशात बिऱ्हाड थाटून दोन-तीन महिने होत नाहीत तोच कुठून तरी बोलावणं येतं. ऑफिसात पॉटलक असतो, मुलांच्या शाळेत कार्यक्रम असतो, नाहीतर मंडळाच्या गणपतीला प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा असतो. अशा वेळी काय करून न्यावं, या प्रश्नाला बरीच वर्षं बाहेर राहिलेली मराठी कुटुंबं जी उत्तरं देतात, त्यांत एक वारंवार ऐकू येतं: गाजराच्या केकचे, ओव्हन न लावता वळायचे गोळे. तिकडे त्यांना कॅरट केक ट्रफल म्हणतात. ही शिफारस चांगलीच आहे. फक्त ती अर्धवट सांगितली जाते. ‘अगं, लाडूच तो, जमेल तुला’ एवढ्यावर बोलणं थांबतं, आणि नवी गृहिणी किंवा नवा विद्यार्थी ते गोळे लाडवासारखे डब्यात भरून ओट्यावर ठेवून देतो. वळण्यापुरता तो लाडू आहे, हे खरं. पण टिकण्याच्या बाबतीत तो लाडवाच्या घराण्यातला नाही, आणि हा फरक नीट समजला की कृतीतली प्रत्येक पायरी आपोआप उलगडत जाते.

आधी तो आपल्याला सोयीचा का आहे ते पाहू. जपानमध्ये भाड्याच्या घरात सहसा ओव्हन नसतोच. जर्मनीत तर पुष्कळदा घर स्वयंपाकघराच्या सामानाशिवाय, अगदी शेगडी आणि सिंकशिवायही हाती येतं. अमेरिकेत ओव्हन असतो, पण त्याचे आकडे फॅरनहाइटमध्ये. ३५० म्हणजे आपले साधारण १७५ ते १८०, हे सवयीचं व्हायला वेळ लागतो. शिवाय नव्या घरात फोडणी किंवा तळण जरा जास्त तापलं की धुराचा अलार्म वाजू लागतो. या पदार्थाला शेगडी लागत नाही, अंडं लागत नाही, आणि जे मुख्य कसब लागतं ते मराठी हातांत आधीच आहे. मुठीत घास दाबून घट्ट करणं, मग तळव्यांच्या खळग्यात तो हलका फिरवून गोल करणं, हे ज्यानं दिवाळीत आईशेजारी बसून एकदा केलं आहे त्याला शिकवावं लागत नाही.

दुसरी सोय समोरच्या माणसाच्या बाजूची आहे. गाजर, दालचिनी, आक्रोड आणि वर आंबटगोड क्रीम चीज ही चव इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाच्या ओळखीची असते. साखर महाग होती त्या काळापासून युरोपात गोडव्यासाठी गाजर वापरत आले. स्वित्झर्लंडच्या आरगाऊ भागातला गाजराचा केक प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० सालच्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये साखरेवर रेशन आलं, तेव्हा सरकारनं भरपूर पिकणाऱ्या गाजराचा जोरात प्रचार केला. हातानं वळलेला, न भाजलेला गोड गोळाही युरोपात परका नाही. स्वीडनमध्ये ओट, लोणी, साखर आणि कोको एकत्र मळून खोबऱ्यात घोळवलेले गोळे कॉफीबरोबर खातात. त्या देशात वेलदोड्याच्या पावाची आवड इतकी आहे की आपली वेलची तिथे बेलाशक घालावी. इतरत्र दालचिनी, सुंठ आणि किंचित जायफळ पुरतं. यावर कोणी म्हणेल, आपले बेसन लाडू, नारळाच्या वड्या सोडून बिस्किटाचा चुरा का न्यायचा? आपलं न्यावंच, आणि अभिमानानं न्यावं. पण ज्या टेबलावर पंचवीस पदार्थ मांडलेले असतात आणि शेजारी कोणी समजावून सांगायला उभं नसतं, तिथे ओळखीच्या चवीचा घास आधी उचलला जातो. पहिली ओळख अशी झाली की पुढच्या खेपेला लाडवाबद्दल लोक आपणहून विचारतात.

आता मुख्य मुद्दा. बेसनाचा लाडू पंधरा-वीस दिवस बाहेर राहतो, कारण त्यात पाणी जवळजवळ नसतं. बेसन तुपात खमंग होईपर्यंत भाजताना ते निघून जातं. नारळाच्या वडीत पाणी असतं, पण पाक आटवून साखर इतकी दाट केलेली असते की जंतूंना ते पाणी सहज मिळत नाही. थोडक्यात, आपल्या गोडाचं टिकणं हे विस्तवाचं काम आहे. या ट्रफलमध्ये विस्तव कुठेच नाही. कच्च्या गाजरात साधारण ८८ टक्के पाणी असतं. २०० ग्रॅम गाजर घेतलं तर त्यातलं जेमतेम २५ ग्रॅम कोरडं. क्रीम चीज दिसायला घट्ट, पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात ५५ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, आणि स्निग्धांश किमान ३३ टक्के लागतो. म्हणजे आपण दोन ओलसर गोष्टी एकत्र करतो, त्यांतलं पाणी कोरड्या चुऱ्याला शोषायला लावतो आणि आकार थंडीनं धरून ठेवतो. पदार्थ बिघडला तर त्याचं कारण बहुतेक वेळा या पाण्यातच सापडेल.

म्हणून कृतीची सुरुवात पिळण्यापासून. कप-चमच्यांच्या भानगडीत पडू नये. अमेरिकेतला कप २४० मिलिलिटर धरतात, ऑस्ट्रेलियातला २५०, आणि ऑस्ट्रेलियातला मोठा चमचा १५ नव्हे, २० मिलिलिटरचा. साधा वजनकाटा घ्यावा. २०० ग्रॅम गाजर स्वच्छ धुऊन, साल काढून किसणीच्या बारीक बाजूनं किसावं. जाड कीस गोळ्यातून दोऱ्यासारखा बाहेर डोकावतो आणि वरचं आवरण तिथेच फाटतं. किसाला चिमूटभर मीठ चोळून दहा मिनिटं ठेवावं, खमंग काकडीसाठी काकडीचं पाणी काढतो तसंच. मग चक्क्यासाठी दही बांधतो तशा स्वच्छ फडक्यात घेऊन पीळ द्यावा. पहिल्या पिळाला केशरी धार लागते, दुसऱ्याला थेंब पडतात. थेंब थांबेपर्यंत पिळायचं. हा रस टाकू नये, पोळीच्या कणकेत छान जातो. पिळलेला कीस, २२५ ग्रॅम बिस्किटांचा बारीक चुरा, बारीक चिरलेले ६० ग्रॅम आक्रोड, ४० ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर दालचिनी, अर्धा चमचा सुंठ आणि शेवटी ११५ ग्रॅम क्रीम चीज. बिस्किटं ज्या देशात जी मिळतील ती: ब्रिटन-आयर्लंडमध्ये डायजेस्टिव्ह, अमेरिकेत ग्रॅहम क्रॅकर, बेल्जियम-नेदरलँड्समध्ये दालचिनीची पातळ बिस्किटं, त्या बिस्किटांना आणखी दालचिनी नको. मिश्रण हातानं एकजीव करून झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावं. उपम्याचा रवा फुगायला जसा वेळ देतो तसा हा वेळ चुऱ्याला पाणी शोषून घ्यायला आहे. घाई केली तर मिश्रण चिकट वाटतं, माणूस आणखी चुरा घालतो, आणि तासाभरानं गोळे कोरडे ठणठणीत होतात.

वळताना लाडवाच्या सवयीपैकी एक उलटी करावी लागते. लाडू आपण कोमट असताना वळतो, कारण तळव्याच्या उबेनं तूप सुटतं आणि तेच कणांना बांधतं. इथे ऊब शत्रू. हात गार पाण्याखाली धरून पुसून घ्यावेत, चार-पाच गोळे झाले की पुन्हा गार करावेत, आणि उरलेलं मिश्रण तोवर फ्रिजमध्येच असावं. २० ग्रॅमचा एक धरला तर सव्वीस-सत्तावीस गोळे होतात. गोळ्याला भेगा पडल्या तर अर्धा चमचा क्रीम चीज पुरतं. हाताला लिबलिबीत लागला तर दोन चमचे चुरा, त्याहून अधिक नाही. पहिल्यांदा करणाऱ्यानं ते सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवावेत, दिसतातही सुरेख. पांढऱ्या चॉकलेटचं आवरण हवं असेल तर २५० ग्रॅम चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या शक्तीवर थोडं थोडं तापवत आणि दर वेळी ढवळत वितळवावं. भांडं आणि चमचा पूर्ण कोरडे हवेत, कारण पाण्याचे दोन थेंब गेले तरी चॉकलेट आक्रसून दाणेदार होतं. गोळे थंड असावेत, पण गोठलेले नकोत. गोठलेला गोळा नंतर प्रसरण पावतो आणि वरचं कवच तडकतं.

यावर आपल्या घरांतून तीन सूचना नेहमी येतात. पहिली, क्रीम चीजऐवजी चक्का घ्यावा. चव उत्तम लागते, पण चक्क्यात स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त. थंडीनं घट्ट होतो तो स्निग्धांशच, त्यामुळे चक्क्याचा गोळा टेबलावर थोड्याच वेळात बसतो. क्रीम चीजमध्येही हीच काळजी: विटेसारखं घट्ट मिळतं ते घ्यावं, ब्रिटनमध्ये बहुधा डबीतलं मऊ असतं, ते आधी फडक्यात बांधून तासभर निथळावं. कमी चरबीचं अजिबात घेऊ नये. दुसरी सूचना, बिस्किटाऐवजी कणीक किंवा मैदा भाजून घालावा. पीठ भाजणं आपल्याला नवं नाही, पण लाडवासाठी तुपात मंद आचेवर बराच वेळ खमंग भाजणं वेगळं आणि दोन-चार मिनिटं कोरडं गरम करणं वेगळं. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, आणि घरी असं गरम केल्यानं ते खात्रीनं मरतात असं मानू नये, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. केकचं तयार मिश्रण घालून करायच्या कृतीही याच कारणासाठी टाळाव्यात. बिस्किट आधीच भाजलेलं असतं. पोह्यांसारखे चपटे केलेले ओटही कारखान्यात वाफवलेले असतात, ते बारीक करून चालतात. तिसरी सूचना सगळ्यांत पटण्यासारखी वाटते: गाजर तुपावर परतून, आटवलेलं दूध घालून शिजवलं तर प्रश्नच मिटेल. मिटतो खरा, पण तो गाजर हलव्याचा लाडू झाला. तासभर शेगडीशी उभं राहावं लागतं, कच्च्या गाजराचा ताजा कुरकुरीतपणा जातो, आणि दूध असल्यामुळे फ्रिज काही सुटत नाही. ज्यांना हलवा करायचा आहे त्यांनी हलवाच करावा, तो नेहमीच चांगला.

ठेवण्याचा नियम साधा आहे. फ्रिज ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, झाकणाचा डबा, तीन-चार दिवसांत संपवणं, आणि खोलीच्या तापमानाला एकूण दोन तासांहून जास्त नाही. बाहेर ३२ अंशांवर उकाडा असेल तर एकच तास. जुन्या पिढीला हे अति वाटतं. दिवाळीचा फराळ महिनाभर डब्यात राहिला, कधी काही झालं नाही, असा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. पण तो दाखला भाजलेल्या, तळलेल्या, पाकातल्या पदार्थांचा आहे. उरलेलं दही किंवा श्रीखंड त्याच घरात कधी कपाटात ठेवलं गेलं नाही. कायदाही हीच रेघ ओढतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घरी केलेले पदार्थ विकायची मुभा ज्या नियमांखाली मिळते, त्यांत फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थ सहसा बसत नाहीत. हे ट्रफल फार छान झाले, आता ऑर्डरी घ्या, असं मैत्रिणी म्हणतात तेव्हा हे आठवावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एच-४ सारख्या व्हिसावर कामाची परवानगी नसताना घरगुती विक्रीही काम ठरू शकते, आणि त्याची किंमत चार डब्यांच्या पैशांपेक्षा फार मोठी असते.

डब्यावर चिठ्ठी लावायला विसरू नका. आक्रोड, दूध आणि गहू हे तिन्ही ॲलर्जीचे पदार्थ आहेत. अमेरिकेत अशा ९ प्रमुख पदार्थांची यादी आहे, ब्रिटनमध्ये १४ ची. आपल्याकडे असं विचारायची पद्धत कमी, म्हणून हे जाचक वाटतं. पण ज्या आईचं मूल आक्रोडाच्या कणानं गुदमरू शकतं तिच्यासाठी ती चिठ्ठी म्हणजे मोठा दिलासा असतो. शाळेत न्यायचं असेल तर आधी शिक्षकांना विचारावं. अनेक शाळा घरी केलेलं घेतच नाहीत, आणि घेतात तिथेही पुष्कळदा सुकामेवा चालत नाही; तेव्हा आक्रोडाऐवजी भाजलेल्या भोपळ्याच्या बिया घालाव्यात. अगदी लहान मुलांना अख्खा गोळा न देता चार तुकडे करून द्यावा. शाकाहारी घरांनी क्रीम चीजवरचा मजकूर वाचावा, काहींत प्राण्यांपासून काढलेलं रेनेट किंवा जिलेटिन असतं.

कार्यक्रम शनिवारी असेल तर गोळे गुरुवारी रात्री वळून ठेवायला हरकत नाही, खोबरं किंवा चॉकलेट मात्र शुक्रवारी. त्याहून आधी करायचे असतील तर आवरणाशिवाय ताटात सुटे गोठवावेत, मग पिशवीत भरावेत. महिनाभर छान राहतात, आणि वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये काढायचे. नेताना डब्याखाली बर्फाची थैली ठेवावी आणि टेबलावर एकदम सगळे न मांडता दहा-बारा मांडून, संपतील तसे आतून आणावेत.