करिंथचे दगड काय सांगतात?

ग्रीस देशांतील प्राचीन नगरांचे अवशेष पाहावयास निघालेला प्रवासी प्रथम अथेन्सला जातो. परंतु ज्यानें नवा करार वाचला आहे, त्याचें मन तेथून सुमारें ५० मैल पश्चिमेस असलेल्या करिंथकडे ओढ घेतें.

हें नगर संयोगभूमीजवळ वसलें असून दोन्ही समुद्रांवर त्याचीं बंदरें होतीं; त्यामुळें तें व्यापारानें संपन्न झालें. इ. स. पूर्वी १४६ मध्यें रोमन सेनापति मम्मियस यानें तें उद्ध्वस्त केलें, व इ. स. पूर्वी ४४ मध्यें ज्यूलियस सीझरनें तेथें रोमन वसाहत स्थापिली.

इ. स. १८९६ मध्यें अमेरिकन संशोधकांनीं तेथें उत्खनन आरंभिलें. प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतात ते प्राचीन मंदिराचे सात स्तंभ. मूळच्या ३८ पैकीं एवढेच उभे आहेत. प्रत्येक स्तंभ एका अखंड शिळेचा आहे. पौल तेथें आला तेव्हांच ते सुमारें सहाशें वर्षांचे होते.

पुढें बाजारचौकांत दगडी न्यायासन लागतें. प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायांत पौलास गल्लियो सुभेदारापुढें नेल्याचें वर्णन आहे. तें स्थळ हेंच, असें मानितात. डेल्फी येथील एका शिलालेखांत क्लॉडियस बादशहानें गल्लियोचा उल्लेख केला असल्यामुळें हा प्रसंग इ. स. ५१ च्या सुमारास घडला, हें ठरवितां आलें.

नाट्यगृहाजवळ १९२९ सालीं फरसबंदीवर एक लॅटिन लेख सांपडला. अक्षरांत बसविलेला धातु केव्हांच गेला. खोदीव खळगे तेवढे उरले. एरास्त नामक अधिकाऱ्यानें पद मिळाल्याबद्दल स्वखर्चानें ही फरसबंदी केली, असा त्याचा अर्थ. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटीं पौलानें ज्या एरास्त नांवाच्या नगर-कारभाऱ्याचा सलाम कळविला आहे, तोच का हा?

आपणांस लागलीच ‘होय’ म्हणावेंसें वाटतें. परंतु नांव एक म्हणून माणूसहि एकच, असें सिद्ध होत नाहीं. दोन्हीं पदें एकच होतीं कीं नाहीं, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. गल्लियोच्या बाबतींत दगड स्पष्ट बोलतो. एरास्ताच्या बाबतींत तो अर्धेंच सांगून थांबतो. तेथें आपणहि थांबावें. प्रिय वाटणारी गोष्ट पुराव्याहून पुढें ढकलणें हेंहि असत्यच होय, आणि श्रद्धेला असत्याचा टेकू नको.

इतिहासाच्या उत्तरपत्रिकेंत काय किंवा संसारांत काय, ‘असावें’ आणि ‘आहे’ हे दोन शब्द निरनिराळे ठेवण्यास तुम्ही शिकलां, तर करिंथला न जातांहि त्या दगडांपासून तुम्हीं धडा घेतला असें होईल.