ब्रूनोच्या खाजेबद्दल, तुझ्याशी

अगं मीनू, ब्रूनो रात्रभर पंजे चाटतो, पोट ओरबाडतो आणि त्याच्यासोबत तूही जागी. तुझी तगमग कळते गं. डॉक्टरांनी त्वचेची ॲलर्जी, ॲटोपी सांगितलीय ना? मग त्या इंजेक्शनची धास्ती सोड.

लोकिव्हेटमॅब, म्हणजे सायटोपॉइंट, हे स्टेरॉइड नव्हे. ॲलर्जी भडकली की कुत्र्याच्या अंगात इंटरल्यूकिन-31 नावाचं प्रथिन वाढतं आणि ते मज्जातंतूंना खाजेचा निरोप पोचवतं. इंजेक्शनातली अँटिबॉडी त्या प्रथिनाला वाटेतच धरते. पुढे इतर प्रथिनांसारखीच ती शरीरात विरते, म्हणून यकृत-मूत्रपिंडावर फारसा भार पडत नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर असताना ब्रूनो पाण्याचं भांडं सारखं रिकामं करायचा, घरात शू करायचा, आठवतं? तो त्रास यात नाही. गुण येणार असेल तर एक-दोन दिवसांतच दिसू लागतो आणि साधारण चार ते आठ आठवडे टिकतो.

ॲलर्जी मात्र यानं मुळापासून जात नाही. शिवाय खाज पिसवांची असेल तर नुसत्या इंजेक्शनानं भागायचं नाही. शेपटीच्या बुडाशी केस बाजूला करून बघ. काळी बारीक पूड दिसली तर ती ओल्या कापसावर घे. तांबूस डाग उतरला की समज, ती पिसवांची विष्ठा. मग आधी त्यांचा बंदोबस्त, ब्रूनोच्या अंथरुणासकट.

आणि हे इंजेक्शन तुझ्या मांजरीला, मनीला, कधीही द्यायचं नाही, ते कुत्र्यांसाठीच बनवलंय. मांजरांच्या सांधेदुखीवर फ्रुनेव्हेटमॅब वेगळं आहे. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2022मध्ये मान्य केलेली ती प्राण्यांसाठीची पहिली मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे ब्रूनोच्या इंजेक्शनासारखीच एका ठरावीक प्रथिनाला धरणारी. मांजर सहसा लंगडत नाही गं, ते खिडकीवर उडी मारणं सोडतं, पाठ चाटणं सोडतं. मनीचं तसं होत असेल तर 'म्हातारी झाली' म्हणून गप्प बसू नकोस. घरातली पॅरासिटॅमॉल मात्र चुकूनही देऊ नकोस, मांजराचा त्यानं जीव जातो.

नवं औषध म्हणून डोळे झाकूनही घेऊ नये. कुत्र्यांच्या सांधेदुखीवरच्या बेडिनव्हेटमॅब या अशाच अँटिबॉडीनंतर काहींचा तोल जाणं, झटके येणं अशा तक्रारी आल्या, म्हणून एफडीएने डिसेंबर 2024मध्ये पशुवैद्यांना सावध केलं. कोणतंही इंजेक्शन घेण्याआधी ब्रूनोचे जुने आजार, चालू गोळ्या डॉक्टरांना स्वतःहून सांग, आणि नंतर काही वेगळं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन कर.