लावणी शिकताना : आठ मात्रा आणि एक ओळ

शाहिरी काव्याचा पाठ आला की आपण काय करतो? राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, नंतरचे पठ्ठे बापूराव अशी नावं पाठ करतो, शृंगारिक आणि आध्यात्मिक असे प्रकार लिहितो, गुण मिळतात. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. मग गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाचं छप्पर गळायला लागलं आणि निधीसाठी नृत्यस्पर्धा ठरली. अट एकच, नाच न येणाऱ्यांनीच भाग घ्यायचा. दोन महिने शिकायचं, आणि प्रेक्षकांनी आवडत्या स्पर्धकाच्या डब्यात पैसे टाकायचे. माझ्या चिठ्ठीवर लावणी निघाली. शिक्षकांच्या खोलीत दोन मिनिटं कुणी बोललंच नाही!

शिकवायला मिळाल्या त्या संगीत बारीत आयुष्य काढलेल्या एक बाई. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी ठुमका. त्यांनी आठवडाभर नुसतं चालवलं. धा गे ना ती, न क धि न. हा केरवा, आठ मात्रांचा. पहिली मात्रा सम, पाचवी खाली. तुम्हीही टाळी देऊन मोजून बघा. समेवर टाळी, खालीला हात नुसता बाजूला. तोंडाने मोजणं सोपं असतं, पाय मात्र सहाव्या मात्रेलाच घाई करतात. पंधरा दिवस बाईंनी पायात चाळ बांधू दिले नाहीत. म्हणाल्या, "चाळ चूक लपवत नाहीत, गावाला सांगतात." नऊवारी मात्र पहिल्या दिवसापासून. सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, पण मागे कासोटा असल्याने पाय मोकळे राहतात. पाऊल किती लांब टाकायचं हे साडीच शिकवते.

खरी फजिती पुढे झाली. बाईंनी मला खाली बसवलं. सिनेमामुळे आपल्याला उभं राहून केलेली लावणीच ठाऊक असते, पण बैठकीच्या लावणीत गायिका बसूनच अदा करते. एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी अर्थ निराळा. सत्यभामाबाई पंढरपूरकर, यमुनाबाई वाईकर यांची थोरवी या अदाकारीत आहे. यमुनाबाईंना २०१२ साली पद्मश्री मिळाली, हेही वहीत लिहून ठेवा.

बाईंनी मला एक साधं वाक्य दिलं : "आज उशीर केलात." हे रागाने म्हणा. मग काळजीने. मग वाट पाहून दमल्यासारखं. मग खोटं खोटं रुसून. हात मांडीवर, फक्त मान आणि डोळे. मला दोनच अर्थ जमले, आणि मी म्हणे मराठीची शिक्षिका! वर्गात हे जरूर करून पाहा. उद्गारचिन्ह कुठे द्यायचं याची घोकंपट्टी करावी लागणार नाही.

एकीकडे गावात माझं कौतुक सुरू होतं. "मॅडम, काय हिंमत तुमची!" एकदा बाईंसमोरच कुणीतरी हे म्हणालं. ते गेल्यावर बाई चाळ गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "मी चौदाव्या वर्षी हे बांधले. तेव्हा हिंमत म्हणून कुणी म्हटलं नाही हो." मला उत्तर सुचलं नाही. ज्या लावण्यांवर आपण दहा ओळींचं उत्तर लिहितो, त्या ज्यांनी गळ्यात आणि पायांत जपल्या, त्या बायकांविषयी त्या उत्तरात एक शब्द नसतो. मीही कधी तो मागितला नव्हता.

कार्यक्रमाच्या आधी बसण्याची यादी निघाली. बाईंचं नाव शेवटच्या रांगेत, "उगाच चर्चा नको" म्हणून. मी सांगितलं, त्या पुढे नसतील तर माझा डबा काढून टाका. थोडी कुरकुर झाली, पण यादी बदलली.

माझा नंबर तिसरा आला. पहिल्या आलेल्या डॉक्टरांनी भांगडा केला होता, आणि खरंच छान केला. पहिल्या रांगेतल्या बाई शेवटपर्यंत ताठ बसून होत्या. खाली उतरल्यावर मी नमस्काराला वाकले, तर त्यांनी माझा दंड धरून उठवलं आणि कानाशी म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीला सम सुटली. रविवारी या."