‘मला काय बी चालतंय!’

विष्णुपुरीजवळच्या एका खेड्यातील एक भगिनी थकवा व धाप लागण्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या. मी सहज विचारले, "ताई, जेवणात तुम्हाला काय आवडतं?" त्या म्हणाल्या, "मालकाला पिठलं, पोराला वरण." "अन् तुम्हाला?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काय बी चालतंय."

हिमोग्लोबिन ८ निघाले. ते किमान १२ हवे. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरेल ते खायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. कारणे अनेक आहेत. अपुरे खाणे हे त्यांपैकी एक.

कोणी नाराज होईल या धास्तीने माणूस भूक, झोप, लघवीची भावनासुद्धा दाबतो. पुढे ती ओळखूही येत नाही. पुरुषही यातून सुटलेले नाहीत. ‘नाही’ म्हणता न आल्याने मित्राच्या कर्जाला जामीन राहून झोप गमावलेले मी पाहिले आहेत.

मग दुसऱ्यासाठी काहीच करू नये का? तसे नाही. प्रेमाने दिल्यावर समाधान उरते. भीतीने दिल्यावर चिडचिड, डोकेदुखी उरते. आपल्या विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी शेतीला मिळते, पण जलाशयात किती शिल्लक आहे हे पाहूनच ना?

एवढे करून पाहा :

१) दिवसातून तीनदा स्वतःला विचारा : भूक, तहान, थकवा आहे का?

२) लगेच होकार देऊ नका. ‘विचार करून सांगते’ म्हणा.

३) आठवड्यातून एकदा आपल्या आवडीची भाजी करा.

४) घरच्यांनी सर्वांनी मिळून जेवावे.

मात्र ‘नाही’ म्हटल्यावर मारहाण होत असेल, तर दोष तुमचा नाही. १८१ या महिला मदत क्रमांकावर फोन करा. मन फार उदास राहत असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

त्या भगिनी लोहाच्या गोळ्या घेऊन तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. धाप कमी झाली होती. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, मला अंबाडीची भाजी आवडते."

आज घरी गेल्यावर हा प्रश्न आपल्या आईला, पत्नीला जरूर विचारा; आणि उत्तर येईपर्यंत थांबा.